१३ एमबीचा फोन : भारतासाठी घडवलेल्या ‘स्काइप लाइट’चे प्रकरण

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईत भरलेल्या ‘फ्यूचर डिकोडेड’ या परिषदेत मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारी सत्या नाडेला यांनी ‘स्काइप लाइट’ नावाचे एक मोबाइल अ‍ॅप जाहीर केले. इंटरनेटवरून बोलण्याची सवय ज्या स्काइपने जगाला लावली, त्याचीच ही धाकटी आवृत्ती होती. ती भारतीय ग्राहक समोर ठेवून घडवली होती, तिचा आकार अवघा १३ एमबी होता आणि ती गुजराती, बंगाली, हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू व उर्दू या सात भाषांत वापरता येत होती. आदल्याच दिवशी, म्हणजे २१ फेब्रुवारीला, मुकेश अंबानी यांनी रिलायन्स जिओने दहा कोटी ग्राहकांचा टप्पा ओलांडल्याचे सांगून ‘प्राइम’ योजना जाहीर केली होती. वर्षाला ९९ रुपये भरून सभासद व्हायचे, महिन्याला ३०३ रुपये द्यायचे, त्यात देशभर कोणत्याही नेटवर्कवर बोलणे मोफत आणि भरपूर डेटा मिळायचा.

या दोन घोषणा लागोपाठच्या दिवशी व्हाव्यात हा निव्वळ योगायोग होता, पण प्रकरणाचा पेच त्यात नेमका सापडतो. एका कंपनीने डेटाच्या टंचाईत जगणाऱ्या ग्राहकासाठी काटकसरीचे साधन आणले, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीने ती टंचाईच संपल्याचे सांगितले. तरीही स्काइप लाइटचे अपयश केवळ जिओच्या माथी मारणे मला पटत नाही. हे अ‍ॅप करणाऱ्यांनी भारतातला हँडसेट आणि भारतातले नेटवर्क नीट ओळखले होते. भारतीय माणूस ‘फोन’ या शब्दाने काय गृहीत धरतो, ते मात्र त्यांच्या हातून निसटले, आणि त्यातला काही भाग तर त्यांच्या हातात कधी नव्हताच.

संगणकावरचा फोन

स्काइपचा जन्म ऑगस्ट २००३ मधला. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी एस्टोनियातील प्रोग्रॅमरांकडून ते लिहून घेतले. दोन संगणकांमध्ये थेट आवाज वाहून नेणारी त्याची रचना इतकी वेगाने पसरली की २००५ मध्ये ईबेने २.६ अब्ज डॉलर आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली.

भारतात स्काइप आले तेव्हा फोनचे बोलणे मिनिट मोजून करण्याची एका पिढीची सवय पक्की झालेली होती. पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओसमोर रात्री अकरानंतर रांग लागत असे, कारण त्या वेळी दर एक चतुर्थांशावर येत. आत बसलेल्याची नजर भिंतीवरच्या लाल आकड्यांवर असे आणि ‘बाकी सगळं ठीक, ठेवतो आता’ हे वाक्य ते आकडे पाहूनच उच्चारले जाई. परदेशी लावलेला फोन तर बातमी सांगण्यापुरताच असे. अशा घरांत स्काइप आले ते मुख्यतः अमेरिकेला गेलेल्या मुलामुलींमुळे. पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिकच्या घरातला एक संगणक, त्यावर बसवलेला वेबकॅम, रविवारी सकाळची ठरलेली वेळ, आणि तिकडे कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र. नातवंडांना दाखवणे, दिवाळीचा फराळ इकडून तिकडे पडद्यावर मिरवणे, एवढेच काय, परदेशातल्या स्थळाशी पहिले कांदेपोहे हेही स्काइपवर होऊ लागले.

या वापराचे स्वरूप लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. तो ठरवून केलेला, संगणकासमोर बसून केलेला आणि बहुधा घरातल्या एका जाणत्या माणसाने जुळवून दिलेला संवाद होता. ‘स्काइपवर येणे’ हा मराठीत रुळलेला शब्दप्रयोगच ते सांगतो. फोन येतो, स्काइपवर मात्र माणसाला यावे लागते. संगणकाच्या काळात कुणाला ते खटकले नाही. मोबाइलच्या काळात हाच भेद निर्णायक ठरणार होता.

परवान्याची भिंत

ग्राहकाच्या अपेक्षेचा दुसरा भाग नियमांनी घडवलेला होता, आणि या विषयावरच्या लिखाणात तो बहुधा वगळला जातो. भारताने इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून परवानगी दिली, त्याच दिवशी परदेशी कॉलवरील व्हीएसएनएलची (विदेश संचार निगम) मक्तेदारीही संपली. पण ही परवानगी अर्धी होती. संगणकावरून संगणकावर बोलता येई, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर बोलता येई. भारतातल्या संगणकावरून भारतातल्याच साध्या फोनवर बोलणे मात्र इंटरनेट सेवा देणाऱ्यांना वर्ज्य होते, कारण तसे झाले असते तर परवाना शुल्क भरून, स्पेक्ट्रम घेऊन, खांब आणि तारा उभारून बसलेल्या दूरध्वनी कंपन्यांच्या उत्पन्नावर थेट घाव बसला असता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २००८ मध्ये हे निर्बंध उठवण्याची शिफारस केली, पण ती तेव्हा अमलात आली नाही.

याचा ग्राहकाच्या बाजूने अर्थ असा की भारतात इंटरनेट-फोनला त्या काळात दहा आकडी क्रमांक मिळाला नाही. अमेरिकेत किंवा जपानमध्ये ब्रॉडबँडबरोबर मिळणारा इंटरनेट-फोन घरच्या जुन्या उपकरणाला जोडता येई, त्याला खराखुरा क्रमांक असे आणि कुणीही कुठूनही तो फिरवू शके. जपानच्या सरकारने तर त्यासाठी ०५० ने सुरू होणारे वेगळे क्रमांक राखून ठेवले आणि आवाजाच्या दर्जाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. नेहमीच्या शहरी क्रमांकासाठी दर्जाची अट कडक, ०५० साठी सैल. भारतातल्या ग्राहकासमोर अशी निवड कधी आलीच नाही. इथे एका बाजूला ‘फोन’ होता आणि दुसऱ्या बाजूला ‘नेटवरचं बोलणं’, आणि दोहोंमध्ये परवान्याची भिंत होती.

१० नोव्हेंबर २०१४ पासून ती भिंत स्काइपच्या ग्राहकांना प्रत्यक्ष दिसली. त्या दिवसापासून भारतातून भारतातल्याच मोबाइल आणि लँडलाइन क्रमांकांवर स्काइपने कॉल करण्याची सोय कंपनीने बंद केली. भारतातून परदेशी क्रमांकांवर, परदेशातून भारतीय क्रमांकांवर आणि स्काइपवरून स्काइपवर बोलणे चालू राहिले. पैसे भरून क्रेडिट घेतलेल्या माणसाला आपल्याच गल्लीतल्या लँडलाइनवर फोन लावता येत नव्हता, मात्र शिकागोला लावता येत होता. त्याच वर्षी डिसेंबरात एअरटेलने इंटरनेट कॉलच्या डेटासाठी वेगळे पैसे आकारण्याची घोषणा केली आणि लोकांच्या संतापामुळे काही दिवसांतच ती मागे घेतली. त्यातून उसळलेला नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे नेटवरच्या सगळ्या सेवांना समान वागणूक देण्याचा वाद, ट्रायला गेलेल्या दहा लाखांहून अधिक ईमेल आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या डेटा-दरांवर आलेली बंदी हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. त्या वादाने एक गोष्ट पक्की केली, की अ‍ॅपवरून बोलण्याचे वेगळे पैसे भारतीय ग्राहक देणार नाही. साध्या फोनला अ‍ॅपवरून जोडणारा दरवाजा मात्र तेव्हाही बंदच राहिला.

म्हणून २०१७ मध्ये ‘भारतासाठी स्काइप’ करायला बसलेल्या मंडळींच्या हातात स्काइपचे निम्मे बळ नव्हते. जगभर त्याची खरी कमाई आणि खरा उपयोग कुठल्याही फोनवर कॉल लावता येण्यात होता. तो इथल्या ग्राहकासाठी देशापुरता काढून घेतलेला होता. उरले होते ते मेसेज, अ‍ॅपवरून अ‍ॅपवर आवाज आणि व्हिडिओ, आणि त्या रिंगणात आधीच बरीच गर्दी झालेली होती.

‘नेट चालू कर’

स्काइप लाइटने काय केले ते पाहण्याआधी त्या वेळचा सामान्य ग्राहक डोळ्यांसमोर आणला पाहिजे. २०१६ च्या मध्यापर्यंत एका जीबी डेटासाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. फोन अँड्रॉइडचा, बहुधा पाच-सहा हजारांचा, साठवणीची जागा थोडी आणि ती फोटोंनी भरलेली. नवे अ‍ॅप घ्यायचे तर जुने काहीतरी काढून टाकावे लागे. रिचार्ज प्रीपेड, खिशातल्या पैशांनुसार. सिम दोन, एक बोलण्याचे आणि एक नेटचे. एसएमएसच्या पेटीत बँकेचे ओटीपी, गॅसची नोंदणी आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिराती एकाच ढिगात.

आणि मोबाइल डेटाचे बटन दिवसातला बराच वेळ बंद. या शेवटच्या बाबीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण इंटरनेट-फोनचा विचार करणाऱ्याने ती सर्वांत आधी नोंदवायला हवी होती. नेट चालू ठेवले की अ‍ॅपे आपली आपण अपडेट होतात आणि पॅक संपतो, हा अनुभव घेतलेले लोक काम झाले की बटन बंद करून टाकत. त्यामुळे इंटरनेटवरून येणारा कॉल वाजतच नसे. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा साधा होता. आधी साधा मिस्ड कॉल द्यायचा, किंवा फोन लावून दहा सेकंदांत ‘आई, नेट चालू कर, व्हिडिओ लावतो’ एवढे सांगून ठेवायचा, आणि मग अ‍ॅपवरून बोलायचे. फोन लावण्यासाठी आधी फोन लावावा लागणारी ही सेवा होती. मिस्ड कॉलची ही चलाखी आपल्याकडे इतकी मुरलेली होती की तिच्यावर उभी राहिलेली बंगळुरूची झिपडायल ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली होती.

काय बदलले, किती नेमके बदलले

या ग्राहकाच्या एकेका अडचणीवर स्काइप लाइटने एकेक उपाय दिला होता, आणि त्यातले बरेचसे खरोखर विचारपूर्वक केलेले होते. आकार १३ एमबी ठेवल्यामुळे ते भरलेल्या फोनवरही बसत होते आणि कमी मेमरीच्या हँडसेटवर अडखळत नव्हते. टू-जीसारख्या मंद जोडणीवरही चालावे अशी त्याची बांधणी होती. फोटो आणि व्हिडिओ पाठवण्यापूर्वी ते आपोआप दाबून लहान केले जात. अ‍ॅपने मोबाइल डेटा किती वापरला आणि वाय-फाय किती, याचा हिशेब ग्राहकाला दिसत असे. त्या वेळच्या ग्राहकाची मुख्य भीती कंपनीने ओळखली होती, इतकेच नव्हे तर ती पडद्यावर आकड्यांत मांडून दाखवली होती, हे मला या सगळ्यातले सर्वांत समंजस काम वाटते. पीसीओतल्या लाल आकड्यांचीच ती नवी आवृत्ती होती.

एसएमएस हाही असाच मुद्दा. पाश्चात्त्य देशांतल्या अ‍ॅप करणाऱ्याला एसएमएस हा मागे पडलेला प्रकार वाटेल. भारतात तो बँकेचा, रेल्वेचा आणि गॅस-वाल्याचा निरोप्या होता. स्काइप लाइटने फोनमधले एसएमएस आपल्या पेटीत घेतले, त्यातले जाहिरातींचे वेगळे काढले आणि व्यवहारांचे वेगळे ठेवले. भारतातल्या बातम्या व इतर कामांसाठी बोलते बॉट, म्हणजे विचारलेल्याला आपोआप उत्तर देणारे प्रोग्रॅम, दिले. अ‍ॅप केवळ अँड्रॉइडवर आणले, हेही इथल्या बाजाराचे वास्तव जाणूनच.

भाषेच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. सात भाषांतील मेन्यू ही स्वागतार्ह गोष्ट होती आणि मराठीला त्यात स्थान मिळाले याचा आनंद होणे स्वाभाविक होते. पण बोलण्याच्या अ‍ॅपात मेन्यू वाचण्याचे काम किती थोडे असते! हिरवे बटन कुणालाही कळते. मराठी ग्राहकाची भाषेची अडचण टाइप करताना येत होती. तो एक तर रोमन लिपीत मराठी लिहीत होता किंवा लिहिणेच टाळत होता. तिथे खरा उपयोग झाला तो बोट दाबून धरून बोलण्याच्या ध्वनी-निरोपाचा, जो व्हॉट्सअ‍ॅपने २०१३ पासूनच देऊ केला होता. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईलाही ‘पोचले गं’ एवढे त्यात सांगता येत होते, आणि तिने ते मराठीत सांगितले की कोकणीत, याची अ‍ॅपला फिकीर नव्हती.

ओळख कोणाची, यादी कोणाची

आता जे निसटले त्याकडे येऊ. स्काइपची जुनी परंपरा ‘स्काइप नेम’ची. खाते उघडायचे, नाव निवडायचे, पासवर्ड ठेवायचा, मग समोरच्याचे नाव शोधून त्याला विनंती पाठवायची. संगणकाच्या काळात ते योग्य होते. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातच उलट टोकाने झाली. फोनचा क्रमांक हीच ओळख आणि फोनमधली नावे हीच यादी. अ‍ॅप बसवताक्षणी त्यात मावशी, दूधवाला, शाळेचे सर आणि सोसायटीचा सेक्रेटरी सगळे हजर. पासवर्ड विसरण्याचा प्रश्न नाही, कारण पासवर्डच नाही.

भारतीय घरासाठी हा फरक मोठा होता. ज्या घरात फोन एक आणि वापरणारे चार, तिथे व्यक्तिगत खाते ही कल्पना अवघडते. क्रमांक मात्र घराचा असतो आणि तो सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ असतो. मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी कॉल सर्वांसाठी खुले झाले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आले, तेव्हा भारतात त्याचे सोळा कोटी वापरकर्ते होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये हा आकडा वीस कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. म्हणजे स्काइप लाइट आले तेव्हा त्याला नवे ग्राहक मिळवायचे नव्हते, तर चालू गप्पांमधून माणसे उठवून दुसऱ्या खोलीत न्यायची होती. एका माणसाने अ‍ॅप बदलून भागत नाही. त्याच्या आत्याने, मित्राने आणि किराणावाल्यानेही बदलावे लागते. १३ एमबी कितीही हलके असले, तरी आत्याला ‘आणखी एक अ‍ॅप टाक’ असे सांगण्याचे ओझे त्याहून जड होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की गुगलचे ड्युओ हे व्हिडिओ कॉलचे अ‍ॅपही २०१६ मध्ये फोन-क्रमांकाच्या पायावर आणि मंद नेटवर्क लक्षात घेऊनच आले होते, तरी तेही व्हॉट्सअ‍ॅपला हलवू शकले नाही. आक्षेप रास्त आहे. क्रमांकावर आधारलेली ओळख ही यशाची हमी नव्हती. पण तिच्यावाचून भारतात घरोघरी पोचणे शक्य नव्हते, आणि ती नाकारून सुरुवात करणाऱ्याला बाकीचे सगळे उपाय अपुरेच पडणार होते.

जिओ : इंटरनेट-फोन, पण दहा आकडी

५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओचे वर्णन सामान्यतः ‘फुकट डेटा’ एवढ्यावर संपते. या प्रकरणाच्या दृष्टीने त्याची तांत्रिक बाजू अधिक बोलकी आहे. जिओकडे टू-जी किंवा थ्री-जीचे जाळे नव्हतेच. सगळे जाळे फोर-जीचे, म्हणजे इंटरनेटच्याच नियमांनी चालणारे, आणि त्यावरचा साधा कॉलही व्होल्टी पद्धतीने डेटाच्याच पाकिटांतून जाणारा. ज्यांच्या हँडसेटमध्ये व्होल्टी नव्हते, त्यांना जिओने एक अ‍ॅप दिले, ज्यातून नेहमीच्याच क्रमांकावरून कॉल लागत. काटेकोर अर्थाने पाहिले तर भारतातला सर्वांत मोठा इंटरनेट-फोन स्काइपही नव्हता आणि व्हॉट्सअ‍ॅपही नव्हता. तो जिओ होता, आणि त्याच्या ग्राहकाला आपण इंटरनेटवरून बोलतो आहोत याचा पत्ता नव्हता. क्रमांक तोच, वाजणे तेच, डायल करण्याची रीत तीच. ‘फोन’ म्हणून लोक जे गृहीत धरत होते त्यातल्या कशालाही धक्का न लावता आतली यंत्रणा बदलली होती.

अर्थात हे सुखासुखी घडले नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जिओवरून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाच्या क्रमांकांवर लावलेले असंख्य कॉल लागत नव्हते, कारण दोन जाळ्यांना जोडणाऱ्या वाटा अपुऱ्या होत्या. वाटा कुणी कमी दिल्या यावरून भांडण पेटले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने त्या तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. त्या काळात दुसऱ्या जाळ्यावर कॉल पोचवण्याचे मिनिटाला १४ पैसे मोजावे लागत. ऑक्टोबर २०१७ पासून ते सहा पैशांवर आले. मुद्दा असा की जिओकडे परवाना होता म्हणून त्याला भांडायला व्यासपीठ होते. स्काइपला त्या वाटा मागण्याचा अधिकारच नव्हता. कितीही स्थानिक झालेले अ‍ॅप या जाळ्यांच्या बाहेरच उभे होते.

डेटा स्वस्त झाल्याचा परिणाम स्काइप लाइटवर दुहेरी झाला. काटकसर दाखवणारा त्याचा हिशेब हळूहळू निरर्थक ठरू लागला, कारण रोजचा एक जीबी संपवायचा कसा हा नवा प्रश्न होता. आणि नेटचे बटन बंद करण्याची सवय सुटू लागली, त्यामुळे अ‍ॅपवरचे कॉल वाजू लागले. पण ते वाजले व्हॉट्सअ‍ॅपवर, जिथे सगळे आधीच बसलेले होते. जी अडचण दूर झाल्याने स्काइपला फायदा व्हायचा, तिचा फायदा शेजाऱ्याने नेला.

एका कोपऱ्यात मात्र स्काइपची जुनी गरज टिकून होती. रत्नागिरी आणि रायगडातल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात आहेत, आणि तिकडून साधा फोन महागच होता. पण तिथला अडसर वेगळा निघाला. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट कॉलवर निर्बंध होते, आणि २०१८ च्या सुरुवातीला स्काइपही तिथे बंद झाले. तिथल्या दूरध्वनी कंपनीने त्याऐवजी महिन्याला ५० दिरहॅम घेऊन बोटिमसारखी परवानगीची अ‍ॅपे पुढे केली. कोकणातल्या आईच्या फोनवर मराठी मेन्यूचे अ‍ॅप असून उपयोग काय, जर दुबईतल्या मुलाच्या फोनवर ते उघडतच नसेल! कॉलला दोन टोके असतात, आणि उत्पादन एका देशापुरते घडवताना दुसरे टोक सहज विसरले जाते.

आधारची पैज

स्काइप लाइटमधली सर्वांत धाडसी गोष्ट आधारची होती. समोरचा अनोळखी माणूस खरोखर तोच आहे का, हे बोलण्याआधी आधारवरून पडताळून घेण्याची सोय नाडेलांनी त्या परिषदेतच जाहीर केली आणि २०१७ च्या मध्यात ती अ‍ॅपमध्ये आली. नोकरीची मुलाखत, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, सरकारी कामातले बोलणे अशी उदाहरणे दिली जात होती. आधार क्रमांक भरायचा, नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी यायचा आणि ओळख पटल्याचे समोरच्याला दिसायचे. माहिती आपण साठवत नाही, असे कंपनीने सांगितले होते.

यामागचे निदान अचूक होते असे मला आजही वाटते. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन उचलावा की नाही, ही भारतीय ग्राहकाची रोजची विवंचना होती. पण उपाय दोन कारणांनी फसला. पहिले कारण जागेचे. अनोळखी माणसे स्काइपवर येतच नव्हती, ती साध्या फोनवर येत होती. कुलूप चांगले होते, पण ज्या दारावर बसवले त्या दाराने चोर येत नव्हता. दुसरे कारण कायद्याचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द झाला. स्थानिक पायाभूत व्यवस्थेवर उत्पादन उभे करणे हे उत्पादनाच्या स्थानिक रूपांतराचे टोक मानले जाते. इथे तो पायाच न्यायालयात विचाराधीन होता, आणि तसा तो आहे हे २०१७ मध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत होते. ही एकच चूक मी टाळता येण्याजोगी मानतो.

नंतरचे

नियमांची भिंत अखेर उतरली, पण परवानाधारकांच्या सोयीने. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा शिफारशी केल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना दहा आकडी क्रमांकासह अ‍ॅपवरून कॉल देण्याचा मार्ग मोकळा केला. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. वर्षाला १,०९९ रुपये अधिक कर, सिमशिवाय क्रमांक, आणि कोणत्याही कंपनीच्या इंटरनेटवरून देशातल्या कोणत्याही फोनवर बोलणे. दहा वर्षे आधी आली असती तर ती क्रांती ठरली असती. २०१८ मध्ये, बोलणे मोफत झालेले असताना, बोलण्यासाठी हजार रुपये वेगळे का मोजायचे हे सामान्य ग्राहकाला पटवणे कठीण होते.

ग्राहकाची जी अडचण खरोखर उरली होती ती घरातल्या रेंजची. नव्या टॉवरांतले फ्लॅट, तळमजल्यावरची दुकाने आणि डोंगरकुशीतली गावे यांत वाय-फाय असे, पण फोनला रेंज नसे. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने दिल्लीपासून आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने देशभर वाय-फाय कॉलिंग आणले. त्यात बसवण्यासारखे काही नव्हते, नवे नाव नव्हते, नवी यादी नव्हती. फोनच्या सेटिंगमधले एक बटन चालू केले की नेहमीचाच क्रमांक घरच्या वाय-फायवरून वाजू लागे, आणि पलीकडच्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

मूळ स्काइप ५ मे २०२५ रोजी कायमचे बंद झाले आणि त्याच्या वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने टीम्सकडे वळवले. ‘कोण बोलतंय’ हा आधारच्या सोयीमागचा प्रश्न दरम्यान स्टॉकहोमच्या ट्रूकॉलरने आपल्या पद्धतीने सोडवला होता. लोकांच्या फोनमधल्या याद्यांतून नावे गोळा करून त्याने ती साध्या फोनच्या पडद्यावर दाखवली, आणि भारत ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ बनली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने कॉल करणाऱ्याचे नाव फोन कंपनीनेच दाखवावे अशी शिफारस केली. ते नाव सिम घेताना ग्राहकाने जो अर्ज भरला, त्यातूनच घेतले जावे असे तिच्यात म्हटले आहे.